पडद्यावरची पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापुरास अश्विनी पौर्णिमेच्या सुमारास जो कोणी गेला असेल त्यास एक दृश्य चांगल्या परिचयाचें असेल. गळ्यांत कवड्यांची माळ, हातांत परडी, कपाळभर हळदकुंकू, अशा वेषांतील आराधिणी भररस्त्यांत, शेंकडों परक्या पुरुषांसमक्ष, खड्या आवाजांत देवीचीं गाणीं म्हणत असतात. गातां गातां एखादीचे केस मोकळे सुटतात, पावलें ठेका धरतात, अंगांत येतें. त्यांना कोणी नांवें ठेवीत नाहीं. घरंदाज बायका सुद्धां त्यांच्या परडींत पीठमीठ घालतात आणि हात जोडतात. याच मुलखांत शंभर वर्षांपूर्वीं एखाद्या बाईनें तोंडास रंग लावून, तिकीट काढून आलेल्या मंडळींपुढें, याहून कितीतरी मर्यादशीलपणें एक पद म्हटलें असतें, तर तिच्या घरचें पाणी पिण्यासहि लोक कचरले असते.

गाणें तेंच, गळा तोच. परंतु देवीपुढें गाइलें तर सेवा आणि पोटासाठीं गाइलें तर कलंक, असा हा हिशेब होता. तो या एकाच जिल्ह्याचा नव्हता, साऱ्या महाराष्ट्राचा होता. एप्रिल २०१७ मध्यें सत्त्याण्णवावें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन याच धाराशिव शहरीं, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबादेस, जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. तेथें रंगमंचावर वावरणाऱ्या स्त्रियांकडे पाहून कोणास नवल वाटलें नाहीं. हा पालट आपोआप झालेला नाहीं. कांहीं थोड्या बायकांनीं त्याची किंमत रोख मोजली आहे, आणि त्यांतलें पहिल्या रांगेंतलें नांव कमलाबाई गोखले यांचें आहे. कमलाबाईंचा या जिल्ह्याशीं जन्मानें कांहीं संबंध नाहीं. पण तुळजापुरच्या त्या दृश्यांतून जो प्रश्न उभा राहतो, त्याचें उत्तर शोधूं गेल्यास त्यांच्या चरित्राकडे वळावें लागतें.

त्यांच्या चरित्राचा आरंभ त्यांच्यापासून होत नाहीं, त्यांच्या आईपासून होतो. आईचें नांव दुर्गाबाई कामत. घराणें पांढरपेशें, सुशिक्षित. पति आनंद नानोसकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत अध्यापक होते. १९०३ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झालीं. कडेवर तीनएक वर्षांची मुलगी घेऊन दुर्गाबाई घराबाहेर पडल्या. त्या काळीं अशा बाईस वाटा तरी किती होत्या? माहेरीं आश्रितासारखें पडून राहावें, परक्याच्या घरीं धुणींभांडीं करावींत, नाहींतर ज्याचा उच्चारहि नको त्या मार्गाला लागावें. मुलींच्या शाळा निघाल्या होत्या, पण चरितार्थ चालेल एवढें शिक्षण फारच थोड्या स्त्रियांच्या पदरीं होतें. दुर्गाबाईंनीं चौथी वाट धरली. त्या नाटक मंडळींत गेल्या. त्यांच्या ज्ञातीनें त्यांस वाळींत टाकलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या समाजानें त्या बाईच्या पोटाची चिंता वाहिली नव्हती, त्यानें तिच्या अब्रूची चिंता मात्र अगत्यानें वाहिली.

मुलगी अर्थातच आईबरोबर. वयाच्या चौथ्या-पांचव्या वर्षींच कमला रंगभूमीवर उभी राहिली. नाटक मंडळी हेंच तिचें घर, तीच शाळा, तेंच अंगण. जेवणाच्या पंगतींत शेजारीं कधीं राजा तर कधीं राक्षस. इतर मुलें पाढे पाठ करतात त्या वयांत ती पदें आणि प्रवेश पाठ करीत होती. शाळेंत न जातांहि तिची वाणी शुद्ध झाली आणि स्मरणशक्ति तिखट झाली, ती या शिक्षणानें. शाळाखात्यांत ज्यांनीं आयुष्य काढलें त्यांनींहि हें कबूल करावें कीं पाठांतर, उच्चार आणि चारचौघांत उभें राहण्याचें धैर्य या तीन गोष्टी नाटक मंडळ्यांनीं जितक्या चोख शिकविल्या तितक्या आमच्या वर्गांनीं शिकविल्या नाहींत.

आतां त्या वेळच्या रंगभूमीची रीति काय होती हें सांगितल्यावांचून या मायलेकींचें धाडस समजणार नाहीं. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हांपासून मराठी रंगभूमीवरील सीता आणि द्रौपदी मिशा काढलेल्या पुरुषच होत्या. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं संगीत नाटकाचा पाया घातला, तेव्हांहि रीति तीच राहिली. पुढें बालगंधर्वांनीं तर ती इतक्या उंचीवर नेली कीं पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांच्या लुगडें नेसण्याची, केशरचनेची, दागिन्यांची नक्कल करूं लागल्या. बालगंधर्वांच्या गुणांविषयीं दुमत नाहीं. परंतु या प्रकाराची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. स्त्रीनें कसें चालावें, कसें लाजावें, पदर कसा सांवरावा, याचा धडा पुरुष घालून देत होते आणि स्त्रिया प्रेक्षागृहांत बसून तो गिरवीत होत्या. खरी स्त्री रंगभूमीवर आली तर तिला स्त्रीचें काम जमणार नाहीं, असें म्हणणारे जाणकार होते, आणि ते गंभीरपणें म्हणत असत!

स्त्रियांचीं नाटकें अगदीं नव्हतींच असें नाहीं. बेळगांवकर स्त्री संगीत मंडळीसारख्या केवळ स्त्रियांच्या मंडळ्या निघाल्या होत्या. तेथें पुरुषांचीं कामेंहि बायकाच करीत. पण त्यांतील कलावतींना समाजानें कलावंतीण या एकाच कप्प्यांत टाकलें होतें. स्त्रीपुरुषांनीं एकत्र नाटक करणें ही गोष्ट मात्र मोठ्या, नामवंत मंडळ्यांना मान्य नव्हती. एखाद्या मंडळींत खरीखुरी बाई काम करते असें कळलें तर तमासगीर वाढत, पण सभ्य कुटुंबें येण्याचें टाळीत, ही व्यवस्थापकांची भीति होती. ती भीति निव्वळ कल्पनेंतली नव्हती.

अशा वेळीं एक नवीन कला आली, आणि तिनें हा प्रश्न निराळ्याच बाजूनें उपस्थित केला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. तारामतीच्या कामासाठीं दादासाहेबांनीं स्त्री मिळविण्याची खटपट पुष्कळ केली. ज्या वस्तीकडे सभ्य माणूस दिवसाढवळ्या फिरकत नाहीं तेथेंहि ते गेले. तेथील बायकांनीं सुद्धां नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहांतील आचारी, अण्णा साळुंके, याला त्यांनीं तारामती केलें. दहा रुपये पगार होता, तो पंधरा झाला. त्याच्या नाजूक हातांवर दादासाहेबांची नजर गेली, असें सांगतात. येथें सरस्वतीबाई फाळके यांचें स्मरण करणें न्यायाचें होईल. पडद्यावर त्या आल्या नाहींत, पण फिल्मच्या कडांना छिद्रें पाडणें, ती रसायनांत धुणें आणि साऱ्या मंडळींस दोन वेळां जेवूं घालणें हीं कामें त्यांनीं केलीं. पहिल्या चित्रपटांत स्त्री नव्हती असें जें म्हणतात तें पडद्यापुरतेंच खरें आहे.

रंगभूमीवर जें खपून जाई तें पडद्यावर कां खपेना? कारण उघड आहे. नाटकगृहांत प्रेक्षक दूर असे, उजेड दिव्यांचा असे, आणि डोळ्यांनीं जें पटलें नाहीं तें कानांनीं पटत असे. गंधर्वांचा स्वर लागला कीं खांद्याची रुंदी कोण मोजीत बसतो? चित्रपट त्या वेळीं मुका. गळ्याचा आधार नाहीं. चित्रण भर सूर्यप्रकाशांत व्हावयाचें, आणि पडद्यावर चेहरा दाराएवढा दिसावयाचा. शिवाय त्या काळची फिल्म निळा रंग उजळ आणि तांबडा रंग काळवंडलेला दाखवीत असे. दाढीचा खरखरीतपणा आणि त्वचेवरचा प्रत्येक डाग तिच्यांत अधिकच उठून दिसे. यंत्रास भीडभाड नसते. पुरुषाच्या स्त्रीभूमिकेस पहिला धक्का समाजसुधारकांच्या व्याख्यानांनीं दिला नाहीं, एका लांकडी पेटींतल्या कांचेच्या भिंगानें दिला.

'हरिश्चंद्रा'नंतर फाळक्यांनीं आपलें बिऱ्हाड नाशिकास नेलें, आणि त्याच १९१३ सालीं 'मोहिनी भस्मासुर' हा चित्रपट हातीं घेतला. त्यांत मोहिनीचें काम तेरा वर्षांच्या कमलेस मिळालें आणि पार्वतीचें दुर्गाबाईंस. भारतीय चित्रपटांत काम करणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया त्या याच, मायलेकी. चित्रपटास 'पिठाचे पंजे' नांवाचें एक विनोदी शेंपूट जोडलेलें होतें. फाळक्यांना लोकांस हंसविण्याची हौस होती.

या भूमिकेंत एक मौज आहे. भस्मासुराची कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवशील त्याचें भस्म होईल, असा वर शंकरापासून मिळवून तो असुर शंकरावरच उलटतो. तेव्हां विष्णु मोहिनीचें रूप घेतो, असुरास आपल्याबरोबर नाचावयास लावतो, आणि नाचतां नाचतां त्यास स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवावयास भाग पाडतो. म्हणजे मोहिनी ही मुळांत स्त्रीच नव्हे. स्त्रीवेष घेतलेला पुरुष देव! पुरुषानें स्त्रीपार्ट करावयास पुराणांत याहून योग्य पात्र सांपडलें नसतें. नेमकें तेंच पात्र खऱ्या मुलीनें केलें. सत्तर वर्षें पुरुष सीता होत आले होते. येथें एका मुलीनें विष्णूची मोहिनी होऊन तो हिशेब थोडासा फेडला. फाळक्यांच्या मनांत असा कांहीं विचार असण्याचा संभव कमी. त्यांना नाचूं शकणारी, न बुजणारी, चेहऱ्यावर भाव आणूं शकणारी मुलगी हवी होती, आणि तशी मुलगी नाटक मंडळींतच मिळण्यासारखी होती.

या एका चित्रपटानें जुनी रीति मोडली असें मात्र कोणी समजूं नये. १९१७ सालीं फाळक्यांनीं 'लंकादहन' काढला, त्यांत सीता पुन्हां अण्णा साळुंकेच झाले. इतकेंच नव्हे, रामहि तेच होते. पुढें मूकपटांत ज्या स्त्रिया गाजल्या त्यांतील बहुतेक अँग्लो-इंडियन, यहुदी किंवा मुसलमान घराण्यांतील होत्या. हिंदु मध्यमवर्गाचें दार बंदच होतें. कमलेनेंहि चित्रपटास जवळ केलें नाहीं, किंवा चित्रपटानें तिला जवळ केलें नाहीं म्हणा. ती परत नाटकाकडे गेली.

आणि तेथें दैवानें दुसरी मौज करून ठेविली होती. या मायलेकी गोखले बंधूंच्या चित्ताकर्षक नाटक मंडळींत होत्या. त्यांतील रघुनाथराव गोखले हे पूर्वीं किर्लोस्कर मंडळींत स्त्रीभूमिका करीत. वय वाढलें, आवाज फुटला, आणि नायिकेचें सिंहासन त्यांस सोडावें लागलें. स्त्रीपार्टी नटाच्या आयुष्यांतील ही फार कठीण घटका. कित्येकांचा संसार त्या एका वर्षांत बुडालेला आहे. चित्ताकर्षक मंडळीनें नवा मुलगा शोधीत बसण्याऐवजीं स्त्रियांचीं कामें स्त्रियांस दिलीं. रघुनाथरावांच्या जागीं कमला नायिका झाली, आणि पुढें त्या दोघांचा विवाह झाला. ज्यानें नायिकेचें पद सोडलें आणि जिनें तें घेतलें, ती दोघें नवराबायको! पत्नीस एखादा मुरका किंवा मानेची एखादी लकब शिकवितांना रघुनाथराव स्वतःच्या जुन्या भूमिकाच परत करीत असले पाहिजेत.

फिरत्या मंडळीचें जिणें सोपें नव्हतें. पडदे, पेट्या, पोशाख, स्वयंपाकाचीं भांडीं, तंबोरे आणि तान्हीं मुलें, असा सारा बाडबिस्तरा घेऊन एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जावयाचें. मुक्काम चालला तर ठीक. पावसानें किंवा प्लेगनें उत्पन्न बसलें तर मागल्या गांवचें देणें पुढल्या गांवीं फेडावयाचें. रेल्वेचा आधार असेल तेथवरच मोठ्या मंडळ्या जात. धाराशिवाचेंच उदाहरण घ्या. गांव निजामी राज्यांत. रेल्वेहि गांवास नव्हती. १९११ सालीं लातूरपर्यंत गेलेल्या बार्शी लाईट रेल्वेची लहान गाडी येडशीवरून पुढें निघून जाई, आणि गांव कोसगणती दूर राही. गाडाभर पडदे तेथवर ओढून नेणें मंडळ्यांस परवडत नसे. सिनेमाचा बोजा त्या मानानें हलका. एक यंत्र, चार पेट्या, एक पांढरें कापड, आणि जत्रेंतला एखादा तंबू. रंगभूमीवरची नायिका ज्या गांवीं कधीं पोहोंचली नसती तेथें तिची सावली पोहोंचूं लागली. लोकांच्या नजरेस खरी स्त्री नायिकेच्या जागीं पाहण्याची संवय लागली, ती बव्हंशीं अशा तंबूंतून. आणि संवय ही गोष्ट तत्त्वज्ञानापेक्षां बळकट असते.

कमलाबाईंच्या वाट्यास संसारसुख फार दिवस आलें नाहीं. त्यांची पंचविशी उलटते न उलटते तोंच रघुनाथराव निवर्तले. मागें तीन मुलगे. त्या काळच्या विधवेनें काय करावयाचें हें धर्मानें, समाजानें आणि शेजाऱ्यांनीं ठरवून ठेवलेलें होतें. कमलाबाईंनीं तें केलें नाहीं. आईनें वीस वर्षांपूर्वीं जें केलें होतें तेंच लेकीनें केलें. तोंडास रंग लावून त्या उभ्या राहिल्या. दुर्गाबाईंच्या पदरीं एक मूल होतें, यांच्या पदरीं तीन, एवढाच फरक.

या वर्षांत त्यांनीं पुरुषभूमिकाहि केल्या. नायक झाल्या, देव झाल्या. हें केवळ वैचित्र्यासाठीं नव्हे. जेथें नायक मिळाला नाहीं किंवा परवडला नाहीं तेथें मंडळी बंद पडूं द्यावयाची नाहीं, या गरजेपोटीं. एके काळीं पति स्त्रीवेषांत वावरत होता. आतां पत्नी फेटा बांधून धनुष्याला हात घालीत होती. त्या घराण्यांतील वेषांचा हा उलटापालट पाहिला म्हणजे स्त्रीभूमिका पुरुषांनाच साधते किंवा स्त्रीभूमिका स्त्रियांनींच करावी, या दोन्ही वादांतील आवेश कांहींसा पोकळ वाटूं लागतो. अभिनय हें कसब आहे. तें शिकावें लागतें. प्रश्न कसबाचा नव्हताच. रंगभूमीवर मिळणारी भाकरी स्त्रीला मानानें खातां येईल कीं नाहीं, हा तो प्रश्न होता.

मराठी रंगभूमीच्या इतिहासांत १९३३ हें साल ठळक अक्षरांत लिहिलेलें असतें. त्या वर्षीं १ जुलैस नाट्यमन्वंतर या संस्थेनें मुंबईस 'आंधळ्यांची शाळा' केलें, आणि त्यांत जोत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक या सुशिक्षित घरांतील स्त्रियांनीं पुरुषांबरोबर कामें केलीं. त्याआधीं चार वर्षें हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर आल्या होत्या. या सर्वांचें श्रेय मोठें आहे, तें कमी करण्याचें कारण नाहीं. परंतु चित्ताकर्षक मंडळीसारख्या फिरत्या मंडळ्यांतून स्त्रिया पुरुषांबरोबर काम करीत होत्या, त्यास तोंवर कित्येक वर्षें लोटलीं होतीं. ती गोष्ट इतिहासाच्या पानावर ठळकपणें कां येत नाहीं? तर त्या बायका पोटासाठीं आल्या होत्या. सुखवस्तु घरांतली स्त्री हौसेनें किंवा ध्येयानें आली कीं समाज तिला क्रांति म्हणतो. निराधार बाई गरजेनें आली कीं तिला नाटकवाली म्हणतो. दुर्गा खोटे यांची गोष्ट घ्या. १९३२ सालीं त्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्यें तारामती झाल्या, तेव्हां खानदानी घरची सून पडद्यावर आली म्हणून केवढी खळबळ उडाली! त्यांच्या तारामतीचें तेज कोणी नाकारणार नाहीं. पण त्या दारावर एकोणीस वर्षांपूर्वीं दोन बायकांनीं हात ठेवला होता, आणि तेव्हां तें दार फार जड होतें.

बोलपट आला आणि कमलाबाईंचे दिवस थोडे फिरले. १९३१ सालीं 'आलमआरा' बोलूं लागला, आणि मूकपटांतील कित्येक देखण्या तारका एका दिवसांत निरुपयोगी ठरल्या. कोणाला हिंदी येत नव्हतें, कोणाला गातां येत नव्हतें. याउलट नाटक मंडळ्यांतून वाढलेल्यांचें नशीब उघडलें. मोठ्या प्रेक्षागृहांतील शेवटच्या बांकापर्यंत शब्द पोहोंचविण्याची ज्यांस संवय होती त्यांना ध्वनियंत्राची काय भीति? चित्रपटाला जेव्हां चेहरा हवा होता तेव्हां कमलाबाईंकडे चेहरा होता. आतां आवाज हवा होता, तोहि त्यांच्यापाशीं होता. १९३४ चा 'अंबरीष', १९४० चा 'अलख निरंजन' असे त्यांचे बोलपट निघाले, आणि सारी बेरीज पस्तिसांच्या घरांत गेली. वय वाढलें तशा त्या नायिकेच्या जागेवरून वडिलकीच्या भूमिकांकडे सरकल्या. यांत तक्रारीचें कांहीं नाहीं. मात्र आपल्या चित्रपटांत प्रौढ स्त्रीला रडण्यापलीकडे काम फारसें देत नाहींत हें खरें, आणि कमलाबाईंसारख्या अभिनेत्रीचे गुण त्यांत किती वांयां गेले असतील तें कळण्यास मार्ग नाहीं. त्यांचा शेवटचा चित्रपट १९८० चा 'गहराई'. 'मोहिनी भस्मासुर'पासून तेथवर सदुसष्ट वर्षें होतात. मुका चित्रपट बोलका झाला, काळापांढरा रंगीत झाला, निजामी आणि इंग्रजी दोन्ही राज्यें गेलीं. आणि त्या अजून कामावर होत्या.

ज्या तीन मुलांसाठीं हा सारा खटाटोप झाला ते तिघेहि कलावंत निघाले. लालजी गोखले आणि सूर्यकांत गोखले हे दोघे तबलावादक. लालजी तर अहमदजान थिरकवा यांचे शिष्य. चंद्रकांत गोखले, जन्म १९२१, मिरज, हे मराठी रंगभूमीवरील व चित्रपटांतील मान्यवर नट. जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकांतील त्यांचे वृद्ध वडील ज्यांनीं पाहिले ते विसरले नसतील. अपंग सैनिकांसाठीं हे गृहस्थ आपल्या मिळकतींतून नियमानें देणग्या देत, आणि त्याचा गवगवा करीत नसत. २००८ सालीं ते वारले. त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले. 'बॅरिस्टर'सारख्या नाटकानें त्यांचें नांव झालें, आणि 'अनुमति' या मराठी चित्रपटासाठीं २०१३ सालीं त्यांस अभिनयाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. तेहि २०२२ सालीं गेले. पणजी, आजी, वडील आणि नातू अशा चार पिढ्या एका घराण्यांत रंगभूमीवर झाल्या. पहिल्या पिढीस ज्ञातीनें पंगतींतून उठविलें आणि चौथ्या पिढीस राष्ट्राचें पारितोषिक मिळालें. या दोन प्रसंगांमध्यें एकशेंदहा वर्षांचें अंतर आहे.

कमलाबाईंना दीर्घायुष्य लाभलें. त्या नव्वदीच्या घरांत असतांना रीना मोहन या तरुण दिग्दर्शिकेनें त्यांच्यावर 'कमलाबाई' नांवाचा अनुबोधपट केला. तो १९९२ चा. लांबी पाऊण तासाची. तो काढणारी स्वतः स्त्री होती, ही गोष्ट त्या म्हातारीला किती गमतीची वाटली असेल! १९१३ सालीं नाशिकांत यंत्राच्या या बाजूस उभ्या राहणाऱ्या दोनच बायका होत्या, आणि यंत्राच्या मागें उभी राहणारी बाई म्हणजे फिल्म धुणाऱ्या सरस्वतीबाई. अनुबोधपटांत कमलाबाई पुण्याच्या घरांत बसून आठवणी सांगतात. सांगतां सांगतां त्या थांबतात आणि जुन्या नाटकांतलें एखादें भाषण म्हणूं लागतात, आणि अंथरुणाला टेकलेलें तें वांकलेलें शरीर ताठ होतें.

'मोहिनी भस्मासुर' आज कोणास पाहावयास मिळत नाहीं. तेरा वर्षांची कमला त्यांत कशी नाचली हें सांगणारी एक फूट फिल्महि हाताशीं नाहीं. आणि असती तरी ती मुकी असती. तो आवाज मात्र नव्वदाव्या वर्षांचा कां होईना, थोडा घोगरा, पण शब्द न् शब्द सुटा, त्या पाऊण तासांत ऐकूं येतो.